शिवाजी पार्क: मैदान उत्तम, देखरेख मध्यम

दादरच्या शिवाजी पार्कविषयी, म्हणजे आता अधिकृतपणे छत्रपती शिवाजी महाराज पार्कविषयी, जे काही लिहिले जाते त्याचा सूर बहुधा आठवणींचा असतो. क्रिकेटपटू, सभा, कट्ट्यावरच्या गप्पा यांतच तो लेख संपतो. हे मैदान म्हणजे बृहन्मुंबई महानगरपालिका नागरिकांना पुरवीत असलेली एक सेवा आहे आणि पाणीपुरवठ्याचे किंवा बससेवेचे परीक्षण करावे तसे तिचेही करता येते, याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. म्हणून या परीक्षणापुरते दोनच प्रश्न मी धरले आहेत. कोणत्याही क्लबचा सभासद नसलेल्या आणि शिकवणीचे शुल्क न परवडणाऱ्या मुलाला किंवा मुलीला येथे काय मिळते, आणि ते मिळत राहावे यासाठी नेमके कोण उत्तरदायी आहे?

आधी जे चांगले आहे ते सांगणे न्यायाचे होईल. सुमारे 28 एकरांचे हे मैदान 1925 मध्ये तत्कालीन मुंबई नगरपालिकेने लोकांसाठी खुले केले. तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. 1927 मध्ये, शिवरायांच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारामुळे त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. शंभर वर्षे होऊन गेली तरी ज्या शहरात घरासमोरच्या हातभर जागेलाही भाव येतो तेथे हे मैदान मैदानच राहिले, ही गोष्ट लहान नाही. प्रवेशशुल्क नाही, ओळखपत्र विचारणारा कोणी नाही, आणि सभोवार उंच कुंपणाऐवजी एक किलोमीटरहून अधिक लांबीचा, बसता येईल एवढ्याच उंचीचा कट्टा आहे. ज्याने कोणी हा कट्टा बांधायचे ठरवले त्याला सार्वजनिक जागेचे मर्म कळले होते, असे माझे मत आहे. कुंपण माणसाला बाहेर ठेवते. येथे बाहेर बसलेला माणूससुद्धा मैदानाचाच भाग असतो आणि त्याच्या नुसत्या बसण्याने आतल्या मुलांवर आपोआप लक्ष राहते, ज्यासाठी पालिकेला एक पैसाही मोजावा लागत नाही.

खेळाच्या बाबतीत हे मैदान अर्थातच क्रिकेटचे आहे. क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांनी येथे घडविलेल्या खेळाडूंची यादी देण्याची गरज नाही. यष्टीवर ठेवलेल्या आणि बाद न होणाऱ्या फलंदाजाला मिळणाऱ्या एक रुपयाच्या नाण्याची गोष्टही सर्वांना पाठ आहे. 3 डिसेंबर 2024 रोजी पाच क्रमांकाच्या प्रवेशद्वाराजवळ त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले आणि ते सचिन तेंडुलकर यांच्या उपस्थितीत व्हावे हे योग्यच होते. सरावाच्या वेळी एका सामन्याचा क्षेत्ररक्षक शेजारच्या सामन्याच्या पंचाजवळ उभा असतो, दोन्हीकडून चेंडू येतात, आणि तरीही कोणता चेंडू आपला हे दहा वर्षांच्या पोराला अचूक कळते; मुंबईच्या मैदानांवरचे हे शिक्षण कोणत्याही अकादमीच्या माहितीपत्रकात नसते. पावसाळ्यात, जेव्हा देशात बहुतेक ठिकाणी क्रिकेट थंडावलेले असते, तेव्हा 1948 पासून चालत आलेल्या कांगा लीग या क्लबांच्या स्पर्धेचे सामने मुंबईच्या मैदानांवर ओल्या खेळपट्ट्यांवर रंगतात.

परंतु मला अधिक भावते ते मैदानाच्या कडेला असलेले श्री समर्थ व्यायाम मंदिर. तेथील प्रशिक्षक उदय देशपांडे यांना मल्लखांबातील कार्यासाठी 2024 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामुळे आता बाहेरगावचे लोकही ते बघायला येतात. संध्याकाळी तेथे थोडा वेळ उभे राहावे. एरंडेल लावून गुळगुळीत केलेल्या खांबावर पाचवी-सहावीतला मुलगा मांडीची पकड घेऊन उलटा लटकलेला असतो, शेजारी दोरीच्या मल्लखांबावर त्याच्याच वयाच्या मुली दोर अंगठ्यात धरून सरसर वर चढत असतात, आणि खाली उभ्या असलेल्या शिक्षकांचे हात सतत अर्धे उचललेले असतात. मैदानाच्या मध्यभागी मुलींचे प्रमाण अजून कमी दिसते. येथे मात्र त्या बरोबरीने आहेत, किंबहुना कधी कधी जास्तच. तरुणांच्या क्रीडासुविधांचा विचार करणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याने या फरकाचे कारण शोधले पाहिजे. माझ्या समजुतीप्रमाणे कारण साधे आहे: जेथे ठरावीक वेळ, ठरावीक जागा आणि ओळखीचे प्रशिक्षक असतात तेथे आईवडील मुलीला पाठवितात, जेथे आधी जागा पटकवावी लागते तेथे मुले जातात.

येथूनच पहिल्या प्रश्नाचे उत्तर अवघड होऊ लागते. मैदान सर्वांचे असले तरी खेळपट्ट्या क्लबांच्या निगराणीत असतात आणि ते स्वाभाविकही आहे, कारण खेळपट्टीला पाणी घालणे, रोलर फिरविणे, दोऱ्या बांधून ती राखणे हे काम कोणीतरी रोज करावे लागते. ज्याच्यामागे क्लब नाही त्याच्या वाट्याला उरलेली जागा येते, आणि रविवारी सकाळी उरलेली जागा म्हणजे दोन सामन्यांमधली फट. रबरी चेंडू घेऊन आलेल्या पोरांना कोणी हाकलत नाही, हे खरे. पण त्यांच्यासाठी म्हणून राखलेला तुकडा आणि राखलेली वेळ असती तर या सेवेला मी आणखी वरचा दर्जा दिला असता. क्लबांना जागा देताना ठरावीक तास सभासद नसलेल्या मुलांसाठी खुले ठेवण्याची अट घालणे पालिकेला अशक्य नाही.

दुसरा प्रश्न देखरेखीचा, आणि खरे परीक्षण तेथे आहे. सार्वजनिक मैदानाची देखरेख म्हणजे गवत कापणे आणि दिवे लावणे एवढेच आपण धरून चालतो. वास्तविक मैदानाचा सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे त्याचे वेळापत्रक: कोणाला, किती दिवस, कशासाठी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 मधील कलम 37-अ अन्वये खेळासाठी राखीव जागेच्या वापरात तात्पुरता बदल करण्याची परवानगी देता येते, आणि शिवाजी पार्कच्या बाबतीत राज्य सरकारने 2016 मध्ये वर्षाला 45 दिवस खेळाव्यतिरिक्तच्या वापराची मुभा दिली. त्याआधी 2010 मध्ये रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र, म्हणजे ध्वनिक्षेपकांवर निर्बंध असलेला भाग, ठरविला होता. म्हणजे एका मैदानाचा वापर ठरविण्यात न्यायालय, मंत्रालय, पोलीस आणि पालिकेचे जी/उत्तर विभाग कार्यालय असे चौघे आहेत, आणि खेळणाऱ्या मुलाला यांपैकी कोणीही विचारलेले नाही.

या 45 दिवसांतले सगळे दिवस सारखे नाहीत, हे येथे सांगितले पाहिजे. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर देशभरातून लाखो लोक येतात आणि त्यांच्यासाठी पालिका याच मैदानावर निवारा, पाणी आणि शौचालयांची व्यवस्था करते. मैदानाचा यापेक्षा चांगला बिगरखेळ वापर मला सुचत नाही, आणि ते काही दिवस सराव बुडाला म्हणून कुरकुर करणाऱ्यांशी मी सहमत नाही. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचेही तसेच. राजकीय सभांबाबत मात्र निर्णय कोणत्या कसोटीवर होतो हा प्रश्न उरतो. 2022 च्या दसऱ्याला शिवसेनेच्या दोन्ही गटांनी मैदान मागितले, विभाग कार्यालयाने कायदा व सुव्यवस्थेच्या कारणावरून दोघांनाही नकार दिला, आणि उच्च न्यायालयाने तो नकार बाजूला सारून ठाकरे गटाला परवानगी दिली. कोणाची बाजू बरोबर हा येथे विषय नाही. मैदान कोणाला मिळणार हे शेवटच्या आठवड्यापर्यंत कोणालाच सांगता येऊ नये आणि ते न्यायालयाने ठरवावे लागावे, ही सेवा पुरविणाऱ्याच्या कारभारातली उणीव आहे. वर्षाच्या आरंभी 45 दिवसांचा तक्ता, कोणत्या दिवशी कोण आणि किती भाड्याने, प्रत्येक प्रवेशद्वारावर मराठीत लावला तर निम्मे वाद तेथेच मिटतील.

वेळापत्रकाला मी इतके महत्त्व का देतो, याचे कारण माझ्या उपनगरात आहे, जेथील महापालिकेचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तेथील क्रीडांगणावर गेल्या हिवाळ्यात एक प्रदर्शन भरले, लांबले, आणि मांडव उतरल्यावर जमिनीत वीतभर खोल खड्डे आणि त्यांतल्या काहींत वाकलेले लोखंडी खिळे तसेच राहिले. भाड्याबरोबर अनामत रक्कम घेतली जाते ती नेमकी यासाठीच. मी ॲपवर तक्रार केली. दोन-तीन दिवसांत ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश आला आणि खड्डे होते तेथेच होते. विभाग कार्यालयातील लिपिकाने शांतपणे सांगितले, “साहेब, मैदान उद्यान विभागाकडे, भाडे मालमत्ता विभागाकडे, खड्डे म्हणाल तर बांधकामकडे. तुम्ही तिघांना अर्ज द्या.” शेवटी माती टाकली ती संध्याकाळी कबड्डी खेळणाऱ्या मुलांनीच, घमेली मागून आणून.

शिवाजी पार्क त्यापेक्षा कितीतरी सुस्थितीत आहे, कारण त्याच्या सभोवती लिहिणारे, बोलणारे आणि न्यायालयात जाणारे रहिवासी आहेत. लाल मातीच्या धुळीचा प्रश्न हे त्याचे उदाहरण. मैदानावर टाकलेली माती कोरड्या महिन्यांत उडून घराघरांत जाते, ही रहिवाशांची तक्रार अनेक वर्षांची आहे. पालिकेने पर्जन्यजल साठवण, तुषार सिंचन आणि हिरवळ असे उपाय केले, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने पालिकेला उपाययोजनेचे निर्देश दिले, आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांचा सल्लाही घेतला गेला. इतकी यंत्रणा हलूनही प्रश्न रेंगाळला तो, माझ्या मते, माती टाकण्याचा निर्णय होण्यापूर्वी जे विचारायला हवे होते ते नंतर विचारले गेल्यामुळे. आता काहीजण संपूर्ण मैदानावर हिरवळ अंथरण्याचा आग्रह धरतात. तसे झाले तर हिरवळ जपण्यासाठी खेळावर निर्बंध येतील आणि मग मैदानाचे उद्यान व्हायला वेळ लागणार नाही. धूळ कमी व्हावी, पण ती मुलांना बाहेर काढून नव्हे.

हे पाहणारे कोणी होते का? मुंबई पालिकेत बाजार आणि उद्यान समिती नावाची नगरसेवकांची समिती असते आणि तिच्यापुढे अशा विषयांची चर्चा व्हावी अशी अपेक्षा असते. परंतु मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षे पालिकेवर प्रशासक होते. त्या काळात मैदानाविषयी प्रश्न विचारायला नगरसेवक नव्हता, समिती नव्हती. होते ते अर्ज, याचिका आणि वर्तमानपत्रे. नेमक्या याच काळात, 2023 मध्ये, मोकळ्या जागा देखभालीसाठी खासगी संस्थांना दत्तक देण्याच्या धोरणाचा नवा मसुदा आला. 2007 चे काळजीवाहू धोरण आणि 2016 मध्ये सभागृहाने मंजूर केलेले, पण मुख्यमंत्र्यांनी स्थगित केलेले दत्तक धोरण यांचा अनुभव ताजा असल्यामुळे नागरिकांनी पुन्हा हरकती घेतल्या. काही मैदानांवर काळजी घेण्यासाठी आलेल्या संस्थांनी जिमखाने उभारून सभासदत्व विकले, ही मुंबईची जुनी कहाणी आहे.

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट नमूद करतो. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने आणि क्रीडांगणे नागरी स्थानिक संस्थांच्या कामांत मोडतात. मात्र महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 मध्ये त्यांची गणना आवश्यक कर्तव्यांत नसून ऐच्छिक कर्तव्यांत आहे. त्यामुळे अंदाजपत्रकात कपात करायची वेळ आली की कात्री कोठे पडते हे सांगायला नको.

मैदानाला लागूनच पालिकेचा महात्मा गांधी जलतरण तलाव आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये त्यात मगरीचे पिल्लू सापडले होते, ही बातमी वाचकांच्या स्मरणात असेलच. सकाळी तलावाची पाहणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी ते पोहणाऱ्यांआधी पाहिले, म्हणजे निदान त्या दिवशी देखरेख चोख होती. ऑलिंपिक आकाराचा तलाव पालिकेने सर्वसामान्यांसाठी चालविणे ही मोलाची सेवा आहे, एवढेच येथे म्हणतो.

मुलाला किंवा मुलीला खेळायला पाठविण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी निःशंकपणे पाठवावे. शक्य असल्यास पहिले काही दिवस कामाच्या वारी, दुपारी चारच्या सुमारास जावे, म्हणजे जागाही मिळते आणि कोणत्या शिबिरात शिक्षक मुलांकडे बघतात व कोणत्यात फोनकडे, हेही कट्ट्यावर बसून दिसते. मल्लखांबासाठी आधी चौकशी करावी. डिसेंबरचा पहिला आठवडा, जानेवारीचा शेवट आणि दसऱ्याच्या आसपासचे दिवस सोडून द्यावेत. मैदानाला पाचपैकी साडेचार तारे आणि देखरेखीला अडीच. नवनिर्वाचित सभागृहाची उद्यान समिती ते 45 दिवसांचे वेळापत्रक प्रवेशद्वारावर लावील त्या दिवशी साडेतीन करायला मी तयार आहे.