साचा काढावा, की बघून घडवावं?

वाडा पाडताना निघालेली कोरीव चौकट, दाराची पितळी कडी, चांदीकामाचा जुना ठसा. असं काही हाती लागलं आणि त्यावरून मातीकाम करायचं मनात आलं, की आधी हाच प्रश्न पडतो. मी दोन्ही करून पाहिलंय.

साच्याचं आकर्षण उघड आहे. लाकडाची रेघ न् रेघ मातीत उतरते आणि चित्रकला येत नसली तरी अडत नाही. पण माती वाळताना आणि भाजताना आकसते, साधारण दहा टक्के धरा. दहा सेंटीमीटरची कडी नऊची होऊन बाहेर येते. त्या नकलेवरून पुन्हा साचा काढलात, तर आणखी लहान. शिवाय साच्याच्या प्लास्टरचा कपचा मातीत मिसळला, तर भाजल्यावर तिथे पापुद्रा उडतो. माझी एक अख्खी पाटी अशीच वाया गेली. आणि प्लास्टर जुन्या खापरावर किंवा लाकडावर थेट ओतू नका. ते छिद्रांत शिरतं, मग निघता निघत नाही.

साचा म्हणजे लबाडी, असं नाक मुरडणारे भेटतात. त्यांना धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या सातवाहनकालीन मातीच्या मूर्ती दाखवाव्यात. पुढचा अर्धा एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही जोडायचे.

बघून घडवण्याला वेळ फार लागतो, आणि पहिले तीन-चार नमुने ओशाळवाणे होतात. तरी ज्या वस्तूला हातच लावता येत नाही, तिथे दुसरा मार्ग नाही. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात तिथल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या वस्तू आहेत. १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी त्या टेकडीवर उत्खनन केलं. पंचगंगेकाठी मिळालेला कांस्याचा पोसायडन, म्हणजे भूमध्य समुद्राकडचा देव, एवढासा आहे. पण त्याचा तोल वहीत उतरवताना माझी सकाळ गेली. मग घडवलेली मूर्ती त्याच्यासारखी झाली नाही, आणि मला तीच जास्त आवडते. साच्यातून वस्तूची कातडी मिळते, अंग नाही.

भट्टीचं म्हणाल तर कोल्हापुरात लाल मातीच सोयीची. ती हजार अंशांच्या आतच भाजते आणि गंगावेस, शाहूपुरी, बापट कॅम्पकडच्या कुंभारांशी ओळख असेल तर सल्लाही मिळतो. स्टोनवेअरला, म्हणजे दगडासारख्या घट्ट भाजणाऱ्या मातीला, बाराशेच्या वर जावं लागतं. पाणी धरणारं भांडं हवं असेल तरच तो खटाटोप करा.

एक सावधगिरी. नदीकाठी जमिनीतून काही निघालं, तर ते खिशात घालू नका. १८७८ च्या निखात निधी (म्हणजे पुरलेला ठेवा) कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. घरातल्या अडगळीत हवी तेवढी नक्षी मिळते.

पहिलंच काम असेल, तर मी दोन्हीच्या मधली वाट सांगेन. लाटलेली माती नक्षीवर दाबा, मध्ये पातळ मलमल ठेवा म्हणजे चिकटणार नाही. तो उलटा छाप भाजून घ्या. झाला तुमचा ठसा, प्लास्टरशिवाय. भांड्याचा आकार मात्र हातानेच घडवा आणि तो ठसा एकाच जागी उठवा, सगळीकडे नको.