जनुकीय वंशवृक्ष काढून घेतला : आतल्या मॅडमना पाच तारे, काउंटरला एक

पोरगं रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटची (इंजिन चालकाच्या मदतनिसाची) लेखी पास झालं आणि मेडिकलला अडकलं. इशिहाराच्या ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडेच दिसेनात. लाल-हिरव्याचा घोळ. घरात जाऊबाईंनी निकाल देऊन टाकला, "नात्यात लग्न केलं की हे असं." माझे मिस्टर माझे सख्खे आतेभाऊ. सोलापुरात यात नवल नाही, तरी टोमणा लागतोच.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी जनुकीय समुपदेशनाला, म्हणजे घराण्यात दोष कसा उतरतो ते समजावतात तिथं, जायला सांगितलं. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार आहे. काउंटरवरच्या मुलीनं भरल्या बाकांपुढं "कलर ब्लाइंड पेशंट कोण?" म्हणून हाक मारली. पोरगं मान खाली घालून उठलं. त्याआधी सव्वा तास बसवलं होतं, आणि रिपोर्ट सगळा इंग्रजीत.

आत मात्र समुपदेशक मॅडमनी कोरा कागद घेऊन आमचा वंशवृक्ष काढत तासभर दिला. पुरुष चौकोन, बाई गोल. पोराच्या चौकोनाला बाण. माझ्या नि मिस्टरांच्या मधे दुहेरी रेघ, म्हणजे रक्ताच्या नात्यातलं लग्न. ती बघून माझ्या पोटात गोळाच आला.

मग त्या माझ्या आईकडं वळल्या. "आजी, तुमच्याकडं कुणी रंग चुकायचं का?"

"आमचे हे की ओ."

तात्या, म्हणजे माझे वडील, चादरीच्या कारखान्यात मागावर होते. आई म्हणे लाल सुताला एक गाठ मारून द्यायची, हिरव्याला दोन. आम्हा पोरांना वाटायचं मोजायला सोपं जावं म्हणून. सगळा जन्म बाईनं कुणाला सांगितलं नाही, "कामावरनं काढलं असतं."

तात्यांचा चौकोन काळा झाला, म्हणजे दोष असलेला. वर तिरकी रेघ आली, म्हणजे माणूस हयात नाही. आई भडकली, "त्यांच्यावर काट कशाला मारताय?" मॅडमनी समजावलं. तिला ते आजतागायत पटलेलं नाही.

हा दोष एक्स गुणसूत्रावरचा. बाईला दोन एक्स, पुरुषाला एक एक्स नि एक वाय. बाप मुलीला एक्स देतो, मुलाला वाय. म्हणून तात्यांचा एक्स आम्हा दोघी बहिणींकडं आलाच, भावाकडं आला नाही. आमच्या गोलांत ठिपके पडले, म्हणजे वाहक. आम्हाला रंग दिसतात, कारण दुसरा एक्स धड आहे. आमच्या प्रत्येक मुलग्याला मात्र निम्मी शक्यता. मिस्टरांकडून पोराला वाय मिळाला, त्यामुळं मला परक्या घरात दिलं असतं तरी हेच घडू शकलं असतं. आणि तात्यांना ते त्यांच्या आईकडून आलेलं, म्हणजे सासूबाईंच्याही आईकडून. सासूबाई माझी आत्याच ना! घरी हे सांगितल्यावर जाऊबाई भाजी निवडायला गेल्या.

दुहेरी रेघ अगदीच बिनकामाची नाही, हेही मॅडमनी बजावलं. थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या आजारात दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं, तिथं नात्यातलं लग्न धोका वाढवतं. जन्मजात रंगांधत्वावर औषध नाही, हे त्यांनी पोराला गोड न बोलता सांगितलं. मग रंग ओळखण्याची अट नसलेल्या नोकऱ्यांवर त्याच्याशी दहा मिनिटं बोलल्या.

जाणार असाल तर घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस सोबत न्या, आणि काउंटरवर कारण विचारलं तर कागदावर लिहून द्या.