हेडलाईटचं रिले किट : नऊ महिन्यांनी मत थोडं बदललंय

जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यात, पंढरपूरहून मोहोळमार्गे रात्री येत होतो. अप्परवरनं (लांबचा उजेड) डिपरवर (जवळचा उजेड) आलो आणि दोन्ही दिवे एकदम गेले. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टरसुद्धा नाही. गाडीत बायको-पोरं. पासचा, म्हणजे क्षणभर अप्पर लावायचा दांडा ओढला तर उजेड पडला, म्हणून उजव्या हातानं तो ओढून धरत कसाबसा पेट्रोल पंप गाठला.

दोन्ही दिवे एकाच क्षणी गेले तर बल्बवर संशय घेऊ नका, दोन बल्ब सहसा एकदम उडत नाहीत. पास लागतोय म्हणजे बल्बमधली अप्परची तार आणि अर्थिंगही (करंट परत नेणारी वायर) जागेवर आहे. माझ्या गाडीत मग उरला तो स्विच. स्टिअरिंगखालनं जळक्या प्लॅस्टिकचा वास येतच होता.

हा स्विच त्या रात्रीच्या सात महिने आधीच सर्व्हिस सेंटरनं नवा बसवलेला. चार हजार दोनशे घेतले, पण जुना का जळला हे कुणी बघितलं नाही. पुन्हा गेलो तर म्हणाले, वॉरंटी मिळणार नाही, बल्ब बाहेरचे आहेत. जुन्या मालकानं शंभर-नव्वदचे (अप्परला शंभर वॅट, डिपरला नव्वद) टाकले होते. हे जूनमध्येच सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते. तो राग अजून गेलेला नाही.

अक्कलकोट रोडच्या वायरमननं पाच मिनिटांत सांगितलं, "अण्णा, ह्या गाडीला हेडलाईटचा रिलेच नाही. सगळा करंट स्विचमधनं जातोय." रिले म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारी डबी. नव्वद वॅटचे दोन दिवे म्हणजे पंधरा अँपिअर, साधे साठ-पंचावन्नचे असतील तर डिपरला नऊच. त्यानं कॉन्टॅक्ट घासून स्विच चालू केला, साधे बल्ब टाकले आणि साडेसहाशेचं रिले किट बसवलं. आता दिव्यांचा करंट बॅटरीतनं थेट येतो, स्विच फक्त रिलेला इशारा देतो.

किट जोडण्याआधी आणि नंतर मी मीटर लावून बघितलं. इंजिन चालू असताना होल्डरवर १२.२ व्होल्ट होते, ते १३.५ झाले. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो, त्यामुळं फरक डोळ्यांना लगेच जाणवला. साध्या बल्बनं तुळजापूरचा रस्ता शंभर-नव्वदपेक्षा स्वच्छ दिसला. तेव्हा मी भेटेल त्याला हे किट घ्यायला सांगत होतो.

सप्टेंबरच्या पावसात डावा दिवा पिवळट झाला. डिपरवर असूनही त्यात अप्परची तार मंद तांबडी दिसायची. रिले गेला समजून बदलला, दीडशे रुपये वाया. शेवटी दिवे चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी होल्डरच्या अर्थिंगला लावली. तिथं जेमतेम शून्य यायला पाहिजे, आले १.९ व्होल्ट. अर्थिंगच्या बोल्टखाली पत्र्याचा रंग तसाच होता, त्यावर गंज चढलेला.

आणि इथंच किटवाल्यांशी माझं भांडण आहे. प्लसची वायर चांगली जाड दिली आहे आणि अर्थिंगची बारीक, तीही आखूड. अरे, जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो ना! वायर आखूड असल्यामुळं वायरमनला रंगवलेल्या पत्र्यावरच बोल्ट मारावा लागला. मीटरभर जाड वायरीचे पैसे वाचवून काय मिळवलं यांनी? बाकी कपलर, सिरॅमिक होल्डर, बॅटरीजवळचा फ्यूज, कशालाच नाव ठेवायला जागा नाही. पण या एका वायरीसाठी मी पाचातले दोन गुण कापतो.

मी नवी पेठेतनं जाड वायर आणली, दोन्ही होल्डरची अर्थिंग थेट बॅटरीच्या मायनसला नेली, टोकांना ग्रीस लावलं. एकशे ऐंशी रुपये लागले. आता तिथं ०.१ व्होल्ट येतात. घेणार असाल तर किट बसवायच्या दिवशीच हे करून घ्या, आणि वायरमन "कशाला अण्णा, बॉडीला चालतंय की" म्हणाला तरी ऐकू नका.

परवा हैदराबाद रोडनं उमरग्याहून रात्री आलो. उतरताना स्टिअरिंगखाली हात लावून बघितला. घासून चालू केलेला तोच स्विच, अगदी गार होता.