पुण्याला जाताना रेल्वे की स्वतःची मोटार?

दर महिन्याला सोलापूरहून एकट्याने पुण्याला जाणाऱ्या माझ्या मावसभावाला, प्रदूषण कमी व्हावे म्हणून मोटार सोडून रेल्वे धरावी का, असा प्रश्न पडला आहे. अंतर सुमारे 250 किलोमीटर. लिटरला 16 किलोमीटर धावणारी मोटार केवळ जाताना साडेपंधरा लिटर पेट्रोल जाळते आणि लिटरमागे सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणजे एकट्याच्या नावावर 36 किलो जमा होतात. चौघे बसले, तर प्रत्येकी 9. या मार्गावरची रेल्वे विजेवर धावते आणि ती वीज बरीचशी कोळशाची असली, तरी शेकडो प्रवाशांत विभागल्याने प्रत्येकाचा वाटा पुष्कळ कमी राहतो. खर्चातही रेल्वेच स्वस्त. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून, काम उरकून रात्री घरी परतता येते; शिवाय भिगवणच्या अलीकडे उजनीचे पाणी पाहत शेंगाचटणी-भाकरी खाण्याचे सुख गाडी चालवणाऱ्याला नाही. आरक्षणाची आणि स्थानकापुढच्या बसची खटपट मात्र करावी लागते. एकट्यादुकट्याने रेल्वेनेच जावे. सोबत आजारी माणूस किंवा चौघांचे कुटुंब असेल, तर मोटार नेण्यात गैर नाही.