पेसमेकर: वायरवाला की कॅप्सूलवाला?

डॉक्टरांनी पेसमेकर, म्हणजे हृदयाला ठोके द्यायला लावणारं छोटं यंत्र, सांगितला आणि दोन पर्याय समोर ठेवले, की बहुतेकांचं मन कॅप्सूलकडे धावतं. वायरवाल्यात यंत्राची डबी कॉलरबोनखाली कातडीच्या आत केलेल्या खिशात बसते आणि तिथून वायर शिरेतून हृदयात जाते; कॅप्सूल अख्खीच हृदयाच्या आत बसते. इवलीशी, दोन ग्रॅमच्या आतबाहेरची, छातीवर ना टाका ना फुगवटा. माझं मत विचाराल तर आकार सगळ्यात शेवटी बघावा.

भांडण मुळात वायरचं आहे. ८ ऑक्टोबर १९५८ ला स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना शरीराच्या आत बसणारा पहिला पेसमेकर बसवला. तो रूने एल्मक्विस्ट यांनी बनवला होता. सर्किटभोवती इपॉक्सी (ओतल्यावर घट्ट होणारं रसायन) ओतायला साचा म्हणून चक्क बूट पॉलिशची डबी वापरली! छाती उघडून तारा हृदयावर लावल्या, आणि यंत्र काही तासांतच बंद पडलं. लार्सन मात्र पुढे वीसहून जास्त यंत्रं बदलत २००१ पर्यंत जगले. त्याच १९५८ मध्ये न्यूयॉर्कला सेमूर फर्मन यांनी शिरेतून वायर हृदयात सरकवून दाखवली. मग सत्तरच्या दशकात लिथियम बॅटरी आली, आणि जेमतेम दोनेक वर्षं चालणारं यंत्र बरीच वर्षं टिकू लागलं. कच्चा दुवा उरला तो वायरचा. हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं. प्रत्येक ठोक्याला ती वायर हलते, वाकते. कधी जागची सरकते, कधी तिचं आवरण झिजतं, आणि जंतुसंसर्ग झालाच तर जुनी, चिकटून बसलेली वायर काढणं मोठं जिकिरीचं काम.

कॅप्सूलने ही कटकटच काढून टाकली. अमेरिकेत तिला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. मांडीच्या शिरेतून नेऊन ती थेट हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात अडकवतात. खांद्याजवळ खिसा नाही, हात वर करायला काही आठवडे बंदी नाही. डायलिसिसवर असलेल्यांना किंवा आधी खिशात संसर्ग झालेल्यांना हा फायदा मोठा. पण बसवताना हृदयाच्या भिंतीला भोक पडण्याचा धोका थोडा का होईना, असतो.

खरी गोम बॅटरी संपल्यावर कळते. वायरवाल्यात कॉलरबोनखालचा खिसा उघडायचा, डबी बदलायची, त्याच वायरी नव्या डबीला जोडायच्या; बहुतेकदा तेवढा भाग बधिर करून काम होतं. कॅप्सूल मात्र तोवर मांसात रुतलेली असू शकते, म्हणून बऱ्याचदा तिला तिथेच ठेवून शेजारी दुसरी बसवतात. ऐंशीच्या घरातल्या माणसाला याची फारशी फिकीर नको. चाळिशीतल्याने मात्र जन्मात तीन-चार यंत्रं लागतील हे धरून चालावं. त्या वयात मी तरी कॅप्सूलसाठी हट्ट धरणार नाही.

दुसरी बाब कप्प्यांची. साधी कॅप्सूल फक्त खालच्या कप्प्याला ठोके देते. वरच्या कप्प्याची लय कायमचीच बिघडलेली असेल (एट्रियल फिब्रिलेशन) तर तेवढं पुरतं. वरचा कप्पा धड असेल, तर दोन्हींचा ताळमेळ हवा. तो नसला तर काहींना थकवा, धाप, गरगरणं जाणवतं. दोन वायरींचा पेसमेकर हे काम कित्येक वर्षं चोख करतोय. एकमेकींशी बोलणाऱ्या दोन कॅप्सूलना अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पण दोन-तीन दशकांनी त्यांचं काय होतं हे बघायला अजून तेवढा काळच गेलेला नाही.

पेसमेकर असला की एमआरआय तपासणी करता येत नाही, ही भीती दोन्हींत सारखीच जुनी झाली आहे. आजची बहुतेक मॉडेल्स एमआरआयला ठरावीक अटींवर चालतात. तेव्हा डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: माझा वरचा कप्पा नीट चालतोय का?