412 ऑर्डरी आल्या आणि एकानेही प्रश्न विचारला नाही

चीनमधल्या हांगझोऊमध्ये आम्ही सोलापूरहून आणलेल्या योगासनांच्या सुती सतरंज्या विकतो. दुकान बायकोच्या नावावर आहे, ती इथलीच. मी अकरा वर्षं इथे राहतोय, चिनी वाचतो, बोलतो. तरीही फसलो. लिहायला लाज वाटते, पण भारतातून चीनमध्ये माल विकू पाहणाऱ्यांसाठी लिहितोय. 2020 च्या जूनपासून भारतात वीचॅट, म्हणजे इथलं गप्पांचं आणि व्यवहारांचं मुख्य अॅप, बंद आहे. तुम्हाला स्वतः फारसं काही तपासता येणार नाही, मध्यस्थाच्या शब्दावरच चालावं लागेल.

18 जूनच्या मोठ्या सेलआधी एका एजन्सीचा माणूस आला. 18 लाख फॉलोअर असलेली एक बाई लाइव्हमध्ये आमची सतरंजी दाखवणार होती. लाइव्हमधल्या जागेचे, म्हणजे 'खंगवेईफेई'चे, 30,000 युआन आगाऊ, वर 20 टक्के कमिशन. 90,000 च्या विक्रीची लेखी हमी. आम्ही हावरटपणा केला नाही. गोदामात 600 नग पडून होते आणि जूनमधला इथला चिकट पाऊस सुती मालाला बुरशी आणतो. आमच्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याने हेच केलं असतं.

बारा मिनिटांत 412 ऑर्डरी. नग 228 युआनला, एकूण 93,936. आम्ही दोघं रात्रभर पॅकिंग करत होतो. पहाटे बायको म्हणाली, "आज कोणी काहीच विचारलं नाही."

तिथेच थांबायला हवं होतं! चिनी गिऱ्हाईक चौकशी केल्याशिवाय रुमालही घेत नाही. धुतल्यावर आटेल का, फरशीवर सरकेल का, माल कधी निघणार, एरवी फोन सारखा वाजत असतो. 412 माणसांतल्या एकालाही सतरंजीची लांबी जाणून घ्यायची नव्हती? पत्तेही तेच तेच येत होते, एका वसाहतीत 38 पार्सलं. मी म्हणालो, योगवर्गातल्या बायकांनी मिळून मागवल्या असतील. हे मी बोललो, आणि तिसऱ्या दिवशी 18,787 युआन कमिशन त्या माणसाच्या खासगी खात्यावर पाठवलं.

सात दिवसांत कारण न देता माल परत करता येतो, हा इथला कायदा. 351 सतरंज्या परत आल्या, बहुतेकांची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. करारात हमी होती ती 'लाइव्ह संपताना नोंदलेल्या' विक्रीची. करार मी वाचला होता, दोनदा. 2,472 कुरिअरचे धरून 51,259 युआन गेले, म्हणजे सहा लाख रुपयांच्या वर.

परतावे वजा करून उरलेल्या विक्रीवरच हमी लिहून घ्या. खासगी खात्यावर एक युआनही पाठवू नका. शाओहोंगशू या चिनी अॅपचं स्वतःचं 'फूगोंगयिंग' आहे, तिथे ब्रँड आणि इन्फ्लुएन्सर यांचा व्यवहार अॅपमार्फतच होतो. महाग पडेल, पडू दे.

पोलीस चौकीत ऐकायला मिळालं की हा आर्थिक वाद आहे, गुन्हा नाही. एजन्सी ज्या शहरात आहे तिथे जा. तिथल्या चौकीने फोनवर सांगितलं, हांगझोऊला तक्रार करा. तक्रार कार्यालयातली बाई म्हणाली, तुम्ही ग्राहक नाही, विक्रेते आहात. खोट्या व्यवहारांवर बंदी घालणारा ई-कॉमर्स कायदा 1 जानेवारी 2019 पासून लागू आहे. त्याचं कलम 17 मी छापून तिच्यापुढे ठेवलं. त्या ऑर्डरी खोट्या होत्या हे सिद्ध करा, म्हणाली. मी कसं करणार? खरेदीदारांचे फोन नंबर झाकलेले येतात, ते उघडून बघायचा अधिकार ज्यांना आहे ते बघायला तयार नाहीत! अॅपच्या मदत केंद्राने तीन वेळा तेच साचेबंद उत्तर पाठवलं. वकिलाने 8,000 मागितले आणि निकालाची खात्री नाही, असं आधीच सांगून टाकलं.

मागच्या तीन लाइव्हमधल्या परताव्यांचं प्रमाण मागा, तेही त्यांच्या स्क्रीनवर, समोर बसून. त्यांनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. शंभर-दोनशे नगांचा माल असेल तर साध्या, पाच-सात हजार फॉलोअरवाल्या बायकांना एकेक सतरंजी फुकट द्या. आमच्या खऱ्या 61 विक्रींपैकी निम्म्याहून जास्त अशाच एकीच्या पोस्टमुळे झाल्या. गिऱ्हाइकांनी स्वतःच तसं लिहिलं होतं.

एजन्सीने आम्हाला चॅटच्या गटातून काढून टाकलंय. गेल्या आठवड्यात बायकोच्या मैत्रिणीला, तिचं चहाचं दुकान आहे, तोच करारनामा आला. आगाऊ रक्कम तेवढी 35,000 केली आहे.