फणसाच्या चिकाला पाणी की तेल? फिरत्या आऱ्याच्या दोन घरगुती जोडण्या

फणसाचा ओंडका बँड सॉवर, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्टीच्या आऱ्यावर, चढवला की पहिल्या दोन फळ्या सुरेख निघतात. तिसऱ्या फळीला आवाज बदलतो, पट्टी कुरकुरायला लागते. चौथ्या फळीला मधोमध लाट उठते आणि एका टोकाला इंचाची असलेली फळी मध्ये पाऊण इंचावर येते. पट्टी नवी, धार ताजी, ताण बरोबर. तरीही हेच. आंबा चिरताना हा त्रास होत नाही, फणसाला हमखास होतो. ज्यांनी कोकणात फिरता, म्हणजे ओंडक्यापाशी नेता येणारा बँड सॉ चालवला आहे त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

यावर घरच्या घरी करण्यासारखे दोन उपाय आहेत. एक, पट्टीवर थेंब थेंब पाणी सोडणं. दुसरा, तेल प्यायलेला नमदा (दाबून केलेलं जाड लोकरी कापड) पट्टीच्या दोन्ही अंगांना टेकवणं. पाण्यावर मी दोन हंगाम काढले, तेलावर आता तिसरा चालू आहे. पट्टी, इंजिन, रूळ यांची माहिती तुम्हाला आहे आणि वनविभागाची परवानगी हातात आहे, असं धरून लिहितो.

माझ्याकडचं लाकूड कुठून येतं ते आधी सांगितलं पाहिजे, कारण निवड त्यावरच ठरते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि आमच्या दापोली-मंडणगड भागात बागाच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्याने वर गेलं, तेव्हा उरलेली काही पडली. वाडीत पडलेला फणस पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढवून ट्रकपर्यंत नेणं म्हणजे आठ माणसांचा दिवस. त्यापेक्षा आरा सुटा करून खाली नेलेला बरा, म्हणून आम्ही फिरता आरा घेतला. पडलेलं झाड पावसात ठेवताही येत नाही. आंब्याचा ओंडका महिनाभर भिजला की निळा-काळा पडतो, फणसाच्या सालीखालच्या पांढऱ्या लाकडात भुंगे शिरतात. म्हणजे ओलं, चिकाने भरलेलं लाकूडच चिरावं लागतं. सावलीत चार-सहा महिने सुकलेला फणस तुमच्याकडे येत असेल, तर पुढचं बरंचसं तुम्हाला तितकंसं लागू नाही.

पाण्याची जोडणी करायला सोपी आहे, हे मान्य केलंच पाहिजे. सामान बागेतच पडलेलं असतं: दहा लिटरचा कॅन, ठिबकचा छोटा कॉक, सूक्ष्मनळीचा हातभर तुकडा. कॅन हेडवर, म्हणजे आऱ्याच्या पट्टी-चाकांच्या सरकत्या भागावर, बांधायचा आणि नळीचं तोंड पट्टी लाकडात शिरते त्याच्या वीतभर अलीकडे आणायचं. फळी संपली की कॉक बंद करायची आठवण राहत नाही आणि कॅन अर्ध्या तासात रिकामा होतो, म्हणून मी पुढे गाडीच्या वायपरची वॉशर मोटर बारा व्होल्टच्या बॅटरीवर बसवली आणि तिचं बटण ढकलायच्या दांडीवर आणलं. बोट दाबलं की पाणी, सोडलं की बंद. ही सुधारणा मला आजही आवडते. कॅनमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकले तर पाणी पट्टीवर नीट पसरतं.

आंबा, सुरू आणि नारळ यांना हे पुरतं, किंबहुना शोभतं. वादळात पडलेल्या माडाचं खोड चिरणं म्हणजे धारेची परीक्षा असते. बाहेरचा भाग दगडासारखा, पट्टी झपाट्याने तापते आणि तिथे थंडावा हवाच. तुमच्याकडे माडच जास्त असतील तर पाणी लावा, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

पाण्याचे किरकोळ तोटे दोन. वैशाखात किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं. ते पट्टीवर आणि तिला सरळ धरणाऱ्या गाइडच्या बेअरिंगवर गेलं की सकाळपर्यंत तांबडा थर. रात्री पट्टी कोरडी करून तेलाचा हात फिरवावा लागतो, आणि एवीतेवी तेलाचा हात फिरवायचाच तर, असं मनात येतंच. दुसरा तोटा ऐन आणि किंजळ या लाकडांचा. त्यांच्यातलं टॅनिन, पाणी आणि पट्टीचं लोखंड एकत्र आलं की फळीवर शाईसारखे डाग पडतात. ऑक्झॅलिक अॅसिडने ते निघतात, पण ते काम सुताराला आवडत नाही आणि गिऱ्हाइकाला तर दिसताच कामा नये.

आता तेलाची जोडणी. चिपळूणला हार्डवेअरच्या दुकानात 10 मिलिमीटर जाडीचा नमदा मिळाला. त्याचे काडेपेटीएवढे दोन तुकडे दोन लोखंडी पट्ट्यांवर दाबून बसवले, मध्ये आऱ्याची पट्टी, मागे सायकलच्या स्टँडची हलकी स्प्रिंग कापून लावली. वरच्या बाटलीतून थेंब थेंब तेल नमद्यात उतरतं आणि नमदा पट्टीच्या दोन्ही अंगांना पुसत राहतो. जागा निवडताना मी पहिल्यांदा चुकलो. नमदा वरच्या, परतीच्या बाजूला बसवला होता, तर पट्टी चाकावरून फिरून खाली येईपर्यंत अर्धं तेल चाकाच्या रबराने पिऊन टाकलं. चाक ओलांडल्यावर, लाकडात शिरण्याच्या अलीकडच्या गाइडला लागून बसवला तेव्हा काम नीट व्हायला लागलं.

स्प्रिंग हलकीच हवी. जोर लावला तर नमदा दोन दिवसांत काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पुसायचं सोडून घासायला लागतो. शिवाय जांभ्याच्या कातळावरून ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत खर (बारीक खडे) असते, ती नमद्यात रुतते. त्यामुळे ओंडका आधी बादलीभर पाण्याने धुऊन घ्यायचा. पाण्याच्या जोडणीत हे चुकलं तर फक्त धार जाते. नमद्यात चुकलं तर पट्टीच्या अंगावर ओरखडे उठतात. हा नमद्याचा खरा दोष आहे.

सगळेजण सुरुवात डिझेलने करतात, मीही केली. तीन भाग डिझेल, एक भाग इंजिन ऑइल. पट्टी लखलखीत राहिली, फळ्या सरळ निघाल्या. पण पंधरा दिवसांनी सुतारकाम करणाऱ्या शेजारच्या काकांनी फळी नाकाशी नेली आणि परत खाली ठेवली. "ह्याचं देवघर करायचं म्हणतोस? वास गेल्याबिगर मी हात लावणार नाही." वास जायला पावसाळा गेला. भुसाही वाया गेला. एरवी तो गोठ्यात, कोंबड्यांखाली जातो, पण डिझेलचा भुसा वासरांखाली कोण घालेल? चाकावरचा रबरी व्ही-बेल्ट फुगून चिकट झाला तो वेगळाच. आणि इंजिनच्या सायलेन्सरपासून हातभर अंतरावर डिझेलची बाटली टांगलेली असणं मला कधीच पटलं नाही.

इथे मी पाण्याकडे परत वळणार होतो. वळलो नाही, त्याला कारण चीक.

पाण्यावर फणस चिरताना जे होतं ते एकदा नीट बघा. चौथ्या फळीला आरा थांबवा आणि पट्टी हाताने फिरवून दातांमागचा भाग पाहा. तिथे पिवळसर तपकिरी पापुद्रा चढलेला असतो: चीक आणि बारीक भुसा यांचं पीठ. नखाने खरवडलं तर दोरीसारखं ओढलं जातं. ताजा चीक पातळ असतो, पाण्यात मिसळल्यासारखा दिसतो, म्हणून वाटतं पाणी त्याला धुऊन नेईल. तो नुसता पुढे ढकलला जातो, तापलेल्या पट्टीवर आटतो, आणि आटल्यावर पाण्याला जुमानत नाही. एकदा थर बसला की पट्टीचं अंग जाड होतं आणि दातांनी केलेली वाट तिला अपुरी पडते. मग ती लाकडाला घासते आणि तापते. 4 मीटरची पट्टी 20 अंशांनी तापली तर जवळजवळ 1 मिलिमीटर लांबते, आणि ताण देताना आपण तिला खेचलेलं असतं तेच मुळी 2-3 मिलिमीटर. म्हणजे ताणाचा मोठा हिस्सा गेला. लाट तिथून उठते. मी कितीतरी दिवस धारेला आणि गाइडला दोष देत होतो.

पाणी वाढवून पाहिलं, लिक्विड वाढवून पाहिलं. भुसा ओला होऊन जास्तच चिकटला. प्रत्येक चार फळ्यांनी आरा थांबवा, रॉकेलचा बोळा घ्या, पट्टी पुसा, परत चालू करा. दिवसभराच्या कामातला दीड तास या पुसण्यात जायचा, आणि पट्टीवर हात फिरवणं हे काही सुरक्षित काम नाही. बाकी सगळं मी सोसलं असतं, हे मला सोसलं नाही.

उत्तर स्वयंपाकघरात होतं. घरात फणस फोडायला बसताना आई आधी विळीला आणि हाताला खोबरेल चोळते. पाणी कोणी चोळत नाही. चीक तेलात सुटतो, पाण्यात सुटत नाही, हे कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मग आऱ्याची पट्टी म्हणजे लांबच लांब विळीच की. डिझेलची बाटली काढली आणि खोबरेल भरलं. दुपारपर्यंत एकदाही पट्टी पुसावी लागली नाही.

खोबरेल महाग पडतं हे खरं, पण नमद्याला तेल अगदी कमी लागतं. पट्टी ओली दिसली तर जास्त झालं. तिच्यावर नुसती चमक दिसली पाहिजे. नंतर मी निम्म्याहून जास्त करंजेल, म्हणजे करंजाच्या बियांचं तेल, मिसळायला लागलो. उंडीचं तेलही चालेल असं वाटतं, पूर्वी होड्यांना आणि दिव्यांना तेच वापरायचे. करंजेलाला उग्र वास असतो, पण फळी आठवडाभर वाऱ्यावर ठेवली की जातो, निदान काकांनी त्या फळ्या परत केल्या नाहीत. व्ही-बेल्ट याही तेलाने थोडा फुगतो. डिझेलवर एका हंगामात गेला होता, करंजेलावर दुसरा हंगाम चालू आहे. ऐन-किंजळाचे डाग बंद झाले. ज्या फळीला पुढे पॉलिश लागणार तिच्यावर तेल नको, असा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो रास्त आहे. माझा अनुभव इतकाच, की ओली फळी सुकल्यावर रंध्याखाली गेली की वरचा थर निघून जातो आणि पॉलिश नीट धरतं. चिरलेली फळी न रंधता तशीच वापरायची असेल, तर मात्र पाण्याचा विचार करा.

तुमच्याकडे फणस वर्षाला दोन-तीनच येत असतील, तर नमद्याचा खटाटोप कदाचित जड वाटेल. ठिबकचा कॉक आणि रॉकेलचा बोळा यावर भागेल. पण आठवड्याला एक फणस येत असेल तर मी तुमच्या जागी असतो तर थेट नमदाच बसवला असता. माझ्या आऱ्यावर आज दोन्ही आहेत. पाण्याचा कॅन माडासाठी ठेवला आहे, आणि गेल्या वर्षभरात तो मोजून चार वेळा भरला.

बसवणार असाल तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजतं, आणि दापोलीत पौषातली सकाळ त्याच्या बरीच खाली असते. बाटली रात्री घरात आणा, किंवा थंडीत करंजेलाचं प्रमाण वाढवा. आणि पावसाळ्यात आरा ताडपत्रीखाली जाईल तेव्हा नमदे काढून पत्र्याच्या डब्यात ठेवा. खोबरेलाच्या वासाने उंदीर येतात आणि नमदा तर खातातच, शेजारची बॅटरीची वायरही सोडत नाहीत.